कोरा नमुना

माझ्या रक्तात शिसं सापडलं त्या दिवशी मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? कितीतरी महिने मी सांगत होतो की मला काहीतरी झालंय, आणि सगळे मला सांगत होते की तुमचा स्वभावच तसा आहे. पोटात मुरडा यायचा, तोंडाला सदा कसलीतरी तुरट चव, आणि मनगटात जोरच राहिला नव्हता. बरणीचं झाकण उघडायला मी मुलीला बोलवायचो आणि वर तिचं कौतुक करायचो, म्हणजे माझी लाज झाकली जाई. संस्थेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गॅस. माझी बायको पद्मा म्हणाली, चिडचिड कमी करा. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी माझे हात उताणे-पालथे करून पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "तुम्ही काम कुठं करता?"

मी सांगितलं आणि त्यांनी रक्त काढायला लावलं. निकाल घेऊन बाहेर आलो तेव्हा रिक्षातच मी संस्थेवर करायच्या तक्रारीची वाक्यं जुळवायला लागलो. भीती घरी पोचल्यावर आली. दार उघडताच मीनू, माझी पाच वर्षांची मुलगी, पायाला मिठी मारायला धावली आणि मी तिच्यावर ओरडलो, "लांब हो!"

हा आजार ज्यांच्या वाट्याला आला असेल, त्यांना थोडं आधी कळावं म्हणून हे लिहितोय. मला जे उशिरा कळलं ते औषधाबद्दलचं नव्हतं.

आमचा धंदा

मी चेन्नईतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत होतो. खनिजं दळायची, धुवायची, त्यातून धातू किती आणि कसा निघेल ते शोधायचं, हे आमचं मुख्य काम. शेजारचा विभाग खाणकामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करी. खाणीतली धूळ छातीत किती जाते, भट्टीचा धूर रक्तात कधी उतरतो, यावर त्यांनी जाडजूड अहवाल लिहिलेले होते. त्यातल्या दोन-तीन अहवालांची भाषा मीच सुधारून दिली होती.

मी भट्टीवर होतो. खडकात सोनं किती आहे हे पाहायची जुनी रीत अशी: खडकाची भुकटी शिशाच्या भुकटीबरोबर वितळवायची, म्हणजे शिसं सोन्याला धरून तळाशी बसतं. मग ते शिसं तापवून घालवायचं आणि उरलेला सोन्याचा कण तोलायचा. घालवलेलं शिसं बरंचसं मुशीत मुरतं, उरलेलं धूर होऊन वर जातं आणि पंखा ते बाहेर फेकतो. आमचा पंखा बंद होता. विभागप्रमुख सुंदरम सरांना विचारलं की ते मान डोलवून म्हणत, "फाइल पोयिरुक्कु." म्हणजे फाइल पुढं गेली आहे. ती कुठं गेली आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला तर पहिल्यापासून वाटायचं की ती त्यांच्याच खणात आहे.

संशय हा आमच्या धंद्यात गुण समजतात. खाणीतून आलेल्या नमुन्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही, तपासणाऱ्यावर तर नाहीच. एकच माल दोन नावांनी पाठवायचा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहायचं. शिवाय मध्येच एक ब्लँक सरकवायचा. ब्लँक म्हणजे कोरा नमुना. त्यात तो धातू नाहीच हे आपल्याला आधी माहीत असतं. धुतलेली वाळू म्हणा. त्या वाळूतही सोनं आहे असं उत्तर आलं, तर सरळ समजायचं की तपासणाऱ्याची भांडी घाण आहेत, आणि सगळी तपासणी रद्दबातल करायची. मी आयुष्यभर हेच केलं आणि माझं कधी चुकलं नाही.

वॉर्डात

मला दाखल करून घेतलं. शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध सलाइनमधून द्यायचं आणि दिवसभराची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची. तो कॅन घेऊन संडासाकडे जाताना माणसाची सगळी पदवी गळून पडते. पहाटे कॉफी, मग इडली, मग डॉक्टरांची फेरी, मग सुई. नर्सनं बाटली लावली की मी ती फिरवून लेबल वाचायचो. तिनं एकदा विचारलं, "नंबिक्कै इल्लैया, सर?" विश्वास नाही का? मी म्हटलं, नाही. ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली आधी माझ्या हातात देऊन मगच लावू लागली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

सुंदरम सर मोसंबी घेऊन आले. खाटेच्या कडेला बसले, घरच्यांची चौकशी केली. कोऱ्या कागदावर सही मागायला आलेत असं मला वाटलं, पण त्यांनी कागद काढला नाही. मग वाटलं, पुढच्या वेळी काढतील. ते गेल्यावर मी मोसंबी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना देऊन टाकली. आजोबांना काही झालं नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

रक्तातलं शिसं उतरलं. मुरडे थांबले, चमचा हातात राहू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी जा, रजा घ्या, भट्टीकडे फिरकू नका. माझ्या दृष्टीनं खटला तिथंच सिद्ध झाला होता.

घरी

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चार माणसं. पद्मा तंजावरकडच्या मराठी घराण्यातली, इथंच वाढलेली, शाळेत गणित शिकवायची. सासूबाई आमच्याकडेच राहत. त्या माझ्याशी त्यांच्या जुन्या मराठीत बोलत, मीनूशी तमिळमध्ये आणि देवाशी दोन्हीत. माझ्यासारख्या भंडाऱ्याकडच्या माणसाला ते मराठी समजायला वर्ष लागलं. त्यांच्या हातच्या साराची चव मात्र पहिल्या दिवशीच कळली होती.

त्या सार फक्त कथलाच्या चोंबूत करत. इकडच्या जुन्या घरांत ती रीतच आहे. भांडं मऊ आणि जड, आणि रिकामं गॅसवर ठेवलं तर वितळून खाली येतं, म्हणून आधी पाणी आणि चिंचेचा कोळ ओतायचा, मग काडी ओढायची. त्यांच्या लग्नातला चोंबू पद्मानं फोनवर बोलता बोलता कोरडाच चढवला आणि बर्नरवर त्याचं थारोळं झालं. त्यावर मी कथलाच्या वितळबिंदूचं व्याख्यान दिलं होतं, आणि पद्मा त्या दिवशी माझ्याशी बोलली नव्हती. मग सासूबाईंनी मैलापूरहून नवा आणला, एमआरटीएसच्या लोकल गाडीत मांडीवर घेऊन. ही माझ्या दुखण्याच्या साधारण वर्षभर आधीची गोष्ट.

रजेवर आलो तशी माझी बडदास्त वाढली. "कितकं वाळले पाहा," असं म्हणत सासूबाई दोन्ही वेळा वाटीभर सार प्यायला देत. "गरम गरम घ्या, तुम्हास शक्ती हुईल." मी घेई. त्या घरात मी ज्या एका माणसावर कधी संशय घेतला नाही त्या सासूबाईच.

मीनूला मात्र मी जवळ येऊ देत नव्हतो. भट्टीचं शिसं माझ्या कपड्यांतून, केसांतून घरात आलं असणार, असं मी धरून चाललो होतो. कामावरचे कपडे जाळायला लावले, गाद्या उन्हात टाकल्या, दिवसातून दोनदा फरशी पुसायला लावली. मीनू हल्ली किरकिर करायची, पोट दुखतं म्हणायची, जेवताना तोंड फिरवायची. बाबा जवळ घेत नाहीत म्हणून रुसलीय, असं आम्ही समजलो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत राही आणि तिची पाट्टी, म्हणजे आजी, तिला भरवत असे. "एक घास, कन्ना. सारभात. संपलं पाहा." निदान सारभात तरी खाते, एवढंच आम्हाला समाधान होतं.

वाढलेला आकडा

पुन्हा रक्त तपासलं तर शिसं वाढलेलं. मी भट्टीच्या आसपासही गेलो नव्हतो.

"घरी काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जुना रंग, गावठी औषध, भांडी?"

"मी धातुशास्त्रातला माणूस आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळी भांडी स्टीलची आहेत." आणि ते बोलताना मला खरोखरच स्टीलचे डबे आणि ताटंच आठवली. सासूबाईंचा चोंबू माझ्या हिशेबी भांडं नव्हताच. तो सासूबाईंचा होता.

घरी येताना मी विचार करत होतो. मी रजेवर असताना शिसं वाढलं, तर फायदा कुणाचा? संस्थेचा. उद्या मी तक्रार केली तर सुंदरम सर म्हणणार, पाहा, आमच्याकडे येत नाही तरी वाढतंय, दोष आमच्या पंख्याचा नाही. सरकारी संस्था, सरकारी रुग्णालय, एक फोन पुरतो. आता सगळं मला लख्ख दिसत होतं. तशी खात्री मला नंतर कशाचीच वाटलेली नाही.

मग मी धंद्यातला डाव टाकला. एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त द्यायचं ठरवलं, माझं दोन नावांनी, आणि सोबत एक ब्लँक. कोरा नमुना म्हणून पद्माला घेऊन गेलो. ती भट्टीच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नव्हती. कपड्यांतून आलेल्या शिशाची माझी भीती मीनूपुरतीच होती. "चल, जरा रक्त द्यायचंय," एवढंच सांगितलं. ती शाळेतून आली होती, डोकं धरून बसली होती. काही न विचारता आली.

फोन

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. माझे दोन्ही नमुने एकमेकांशी जुळत होते आणि रुग्णालयाच्या आकड्याशीही. म्हणजे कट नव्हता. आणि तिसऱ्या नमुन्यातलं शिसं माझ्यापेक्षाही जास्त होतं.

मी भडकलो. "मॅडम, तुमच्या सुया घाण आहेत, नाहीतर नळ्या. तिसरा नमुना ब्लँक होता. त्यात शिसं असूच शकत नाही. तुमची सगळी तपासणी रद्द समजा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही पुन्हा करतो, सर. पण तो तिसरा पेशंट कोण?"

"पेशंट नाही हो, ब्लँक!" असं म्हणून मी फोन आपटला. मागे वळलो तर पद्मा दारात उभी होती.

"ब्लँक म्हणजे काय?"

मी समजावून सांगायला लागलो. ज्यात काहीच नाही हे आधीपासून ठाऊक असतं असा नमुना, वगैरे. बोलता बोलताच माझा आवाज खाली आला.

पद्मा माझ्याशी नेहमी माझ्यासारखं मराठी बोलते. चिडली की तिचं स्वतःचं बाहेर येतं. "माझ्यात काही नाही हे तुम्हास कसं ठाऊक?" ती म्हणाली. "चार महिने झाले डोकं ठणकतंय. फळ्यावर खडू धरवत नाही. हात दुखतात म्हणून पोरं फळा पुसतात. मज कोण विचारलं? तुम्ही एक दिवस विचारले काय?"

ती रडत नव्हती, त्यामुळे मला आणखीच कानकोंडं झालं. मग तिचा चेहरा एकदम बदलला.

"मीनू," ती म्हणाली.

मीनूचं रक्त

मुलीच्या एवढ्याशा दंडातून रक्त काढताना मी तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. कितीतरी दिवसांनी मी तिला जवळ घेतलं होतं. सुई टोचली तरी ती रडली नाही. मान वळवून माझ्याकडे बघत होती. निकाल येईपर्यंतचा काळ कसा गेला ते मला लिहिता येत नाही. माझं जे व्हायचं ते होवो, असं माणूस सहज म्हणतो. मी तेव्हा ते मनापासून म्हणत होतो. लहान मुलाच्या मेंदूला शिसं काय करतं हे मी अहवालांमध्ये वाचलेलं होतं, त्यांची भाषा सुधारताना.

शिसं तिच्यातही होतं. आमच्याहून कमी, कारण ती सार प्यायची नाही, भाताबरोबर थोडंसंच खायची. पण हे कारण तेव्हा कुठं ठाऊक होतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. आधी घरातलं मूळ शोधा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही."

मी सुंदरम सरांकडे गेलो. ज्या माणसावर खटला भरणार होतो त्याच्या टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं, त्यांच्यावरच्या संशयासकट. त्यांनी चष्मा काढून पुसला. "घराचे नमुने घेऊन ये," ते म्हणाले. "खाणीचे घेतोस तसे." मी नळाचं पाणी, हळद, तिखट, चिंच, भिंतीचा पोपडा, सगळं पिशव्यांत भरून नेलं. सगळं स्वच्छ निघालं. ते ऐकून घरी आलो आणि भिंतीला टेकून बसलो.

सासूबाई वाटी घेऊन आल्या. "थोडं सार घ्या. काय हो असं बसलांत?"

मी वाटी हातात घेतली. चिंचेचं गरम पाणी, त्या मऊ भांड्यात उकळलेलं, दोन्ही वेळा, रोज. सार सगळ्यांत जास्त पितं कोण? पद्मा. शाळेतून आली की उभ्या उभ्या पेला भरून. सासूबाई स्वतः ताकभातावरच राहत. मी वाटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो.

शुद्ध कथील वाकवलं की कुरकुरतं. कानाशी धरलं तर साफ ऐकू येतं. शिकाऊ मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात ही गंमत दाखवतो. शिशाची भेसळ झाली की तो आवाज जातो. मी चोंबू पुसला, कानाशी धरला आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याचा काठ दाबला. माझ्या तेवढ्या अशक्त हातांनीही तो निमूट वाकला. आवाज आला नाही.

पद्मा दारात होती. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं.

कुणाचा दोष

चोंबू मी पिशवीत घालून संस्थेत नेला. शिसं भरपूर निघालं. दुकानात गेलो तर मालक म्हणाला, आम्ही जसं येतं तसं विकतो. आमच्या संस्थेत ही बातमी पसरली आणि मग रोज कुणी ना कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेला चोंबू काखेत मारून भट्टीकडे येऊ लागला, जुने, नवे, आजीचे, सासूचे. इतरांच्या खाणींची काळजी वाहणारी आमची संस्था महिनाभर आपापल्या स्वयंपाकघरांची तपासणी करत होती. तुमच्याकडे असा चोंबू असेल तर तपासून घ्या. एवढं ऐकलंत तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही.

घरात प्रश्न वेगळाच होता. आम्ही तिघं औषधावर होतो आणि सासूबाई देवापुढे बसून विचारत होत्या की माझ्या लेकरांस कुणाची दृष्ट लागली. त्यांना काय सांगायचं? स्वतःच्या हातानं नातीला भरवलेलं ते काय होतं, हे? पद्मा म्हणाली, "अम्मा जेवण सोडेल. मी तिला ओळखते." मग माझीच जुनी गोष्ट कामाला आली: भट्टीचं शिसं, माझे कपडे, ते धुणारी पद्मा, माझ्या मागे मागे फिरणारी मीनू. सासूबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

मी सुंदरम सरांना हे सहज बोललो होतो. रविवारी ते आमच्या दारात उभे. पुन्हा मोसंबी. आत आले, सासूबाईंसमोर खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसले आणि हात जोडून तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, चूक आमची आहे. पंखा बंद होता. मी लक्ष दिलं नाही. तुमच्या घराला त्रास झाला, मला क्षमा करा."

सासूबाईंनी त्यांना जे झापलं, तसं मी त्या बाईंना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मोठे अधिकारी म्हणवता, लेकराबाळांच्या जिवावर उठता, लाज नाही वाटत? सरांनी मान खाली घातली होती. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या खोलीत बसवेना. शेवटी सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी कॉफी करायला उठल्या.

सरांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. "सर, तुम्ही कशाला..." एवढंच म्हणू शकलो.

"पंखा बंद होताच ना?" ते म्हणाले. "मी फार खोटं बोललो नाही." पुढच्याच आठवड्यात पंखा चालू झाला. फाइल कुठं होती हे मी विचारलं नाही.

पद्माचं डोकं दुखायचं थांबलं. मीनूचा आकडा हळूहळू खाली आला. शाळेत ठीक आहे, गणितात आईसारखी. तरी तिला एखादं उत्तर यायला उशीर झाला की मी आणि पद्मा एकमेकांकडे बघतो. हे आमचं आयुष्यभर चालणार. पद्माला मी आता रोज विचारतो, कशी आहेस. ती म्हणते, पुरे झालं विचारणं.

सासूबाई मराठी बोलतात पण वाचतात तमिळ, म्हणून हे इथं लिहिता आलं. त्या सार अजून करतात, स्टीलच्या पातेल्यात. आयुष्यभर कथलाखेरीज दुसऱ्या भांड्यात सार न केलेल्या बाईनं मी चोंबू नेला त्या सकाळी ओट्यावर तो नाही हे पाहिलं आणि मुकाट्यानं पातेलं घेतलं. चोंबू कुठं गेला, हे त्यांनी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. माझ्या सगळ्या संशयांपैकी हा एवढा एकच मी तपासून पाहिलेला नाही.